डिस्प्ले येत नाही? फॉरमॅट मारायची घाई करू नका

वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तरं

दिवाळी झाली की नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. काही जण नवा सुटा भाग खोक्यासकट आणतात आणि म्हणतात, "ताई, एवढं बसवून द्या." बाकीच्यांनी तो भाग घरीच बसवून पाहिलेला असतो आणि बंद पडलेलं मशीन स्कूटरवर पायाशी ठेवून आणलेलं असतं. यंदा या दुसऱ्यांची गर्दी जास्त आहे, आणि पत्रंही तशीच आली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. नवीन संगणक घेण्यापेक्षा आहे त्यातच रॅम, एसएसडी, कार्ड घालू आणि विंडोज ११ वर जाऊ, असा विचार बऱ्याच घरांनी केला. चांगलं चालणारं मशीन भंगारात न घालता वाढवावं, असं माझंही मत आहे.

पण या पत्रांमधलं एक वाक्य मला अस्वस्थ करतं. "दुकानात सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल." पडद्यावर काहीच येत नसेल, किंवा मदरबोर्डाच्या कंपनीचं चिन्ह येऊन मशीन तिथेच अडत असेल, तर विंडोजची पाळी अजून आलेलीच नाही. मग विंडोज पुसून बिघाड जाईल कसा? म्हणून मला लिहिताना मशीन नेमकं कुठे थांबतं ते आधी सांगा. पंखा फिरतो का, कीबोर्डवरचं नमलॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का, पडद्यावर शेवटची ओळ कोणती दिसली. एवढं कळलं की निम्मं काम होतं.

"महाल भागात माझं लग्नपत्रिका आणि बॅनरच्या कंपोझिंगचं दुकान आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, बी३६० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला उसंत नसते, म्हणून आधीच आणखी ८ जीबी रॅम आणि २५० जीबीची एसएसडी आणली. रॅम लावल्यापासून पंखा फिरून राहिला आहे पण डिस्प्ले नाही. दोन-तीन सेकंद चालते, बंद होते, पुन्हा आपोआप सुरू होते. एका दुकानात म्हणाले बोर्ड गेला, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले विंडोज नवीन मारा. डिस्कमध्ये सात वर्षांच्या पत्रिका आहेत. काय करू?" (वाचक, महाल)

दादा, सगळ्यात आधी हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि डिस्क कपाटात ठेवून द्या. डिस्प्ले आणण्यासाठी डिस्क लागत नाही. डिस्क मशीनमध्ये नसेल तर ती चुकून कुणी पुसूही शकत नाही. मी हे इतक्या ठासून सांगते त्याला कारण आहे. दुकानाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरचं मशीन असंच माझ्याकडे आलं होतं. अधूनमधून निळा पडदा यायचा. मी विंडोजचाच दोष धरला आणि डिस्क फॉरमॅट केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निळा पडदा. दोष रॅमच्या पट्टीत होता. त्या डिस्कवर त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हते. त्या बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसतं मशीन उचललं आणि गेल्या. तेव्हापासून माझ्या टेबलावर आलेल्या कोणत्याही मशीनची डिस्क मी आधी सोडवते.

आता तुमचा आजार. चालू होणं, बंद होणं, पुन्हा चालू होणं, हे रॅम बोर्डाला पटत नसल्याचं नेहमीचं लक्षण आहे. बोर्ड गेला, हा निकाल इतक्या लवकर लावू नका.

भिंतीचं बटण बंद करा, वायर काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेला करंट निघून जातो. नवीन पट्टी काढा. जुनी पट्टी होती त्याच जागी ठेवून मशीन सुरू करा. डिस्प्ले आला तर बोर्ड ठणठणीत आहे आणि तुमची अर्धी काळजी मिटली.

जुन्या पट्टीवरही डिस्प्ले आला नाही, तर बहुधा ती नीट बसलेली नाही किंवा तिच्या पिना मळल्या आहेत. नवीन पट्टी लावताना जुनी हलते, हे मी वारंवार पाहिलं आहे. पट्टी काढा आणि तिची सोनेरी कड उजेडात तिरपी धरून बघा. महालातली रस्त्यावरची धूळ आणि उन्हाळाभर चाललेल्या कूलरची ओल, दोन्ही मिळून त्या कडेवर काळसर पडदा धरतात. पांढरा मऊ खोडरबर घ्या, शाळेच्या कंपासमधला चालेल. दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. पिना पितळेच्या भांड्यासारख्या उजळतात. रबराचा भुगा कोरड्या ब्रशने झाडा आणि नंतर त्या कडेला बोट लावू नका. बोर्डावरची खाच रंगकामाच्या कोऱ्या, कोरड्या ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीची ओल आत जाते.

आता बसवणं. डीडीआर-४ च्या पट्टीला २८८ पिना असतात आणि मध्यापासून किंचित बाजूला एक खाच असते. ती खाच बोर्डावरच्या उंचवट्याशी जुळली पाहिजे. जुळल्यावर दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. इथे बहुतेकांचा हात घाबरतो. पट्टी बसायला चांगला दाब लागतो, आणि बसली की कडी 'टक्' आवाज करून आपोआप मिटते. बऱ्याच बोर्डांवर कडी एकाच बाजूला असते, दुसरी बाजू पक्की असते. तीच पक्की बाजू अर्धवट राहते. वरून बघितलं तर सगळं सरळ दिसतं. वाकून, डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघा. सोनेरी कडेची रेघ एका टोकाला जास्त दिसत असेल तर पट्टी बसलेली नाही.

जागासुद्धा महत्त्वाची. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या लावायच्या तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. एकच लावायची तर दुसरी. बहुतेक बोर्डांवर बाजूला बारीक अक्षरांत ए-२, बी-२ असं छापलेलं असतं. तरी बोर्डाचं पुस्तक जवळ असेल तर त्यातलं चित्र बघा. शेजारी-शेजारी लावलेल्या पट्ट्या काही बोर्ड घेतात, काही घेत नाहीत.

मग नवीन पट्टी एकटी लावून बघा. एकटी चालली तर दोन्ही मिळून लावा. तुमचा प्रोसेसर रॅम २६६६ च्या वेगाने चालवतो. नवीन पट्टी ३२०० ची असली तरी हरकत नाही, दोन्ही कमी वेगावर जुळतात. नवीन पट्टी कोणत्याच खाचेत एकटी चालत नसेल आणि जुनी चालत असेल, तर बिल घेऊन दुकानात जा आणि बदलून मागा.

बोर्डावरचा चपटा सेल काढून बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) कोरा करायचा उपाय कुणीही सांगतं, पण तो शेवटी करा. सेल काढला की बोर्ड कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. तुमचं जुनं विंडोज ज्या पद्धतीने टाकलेलं आहे, ती पद्धत त्या सेटिंगशी जुळत नसेल तर डिस्प्ले येईल पण विंडोज येणार नाही, आणि एका बिघाडाचे दोन होतील. जुन्या पट्टीवर डिस्प्ले आला की आधी बायोसमध्ये जा आणि 'बूट' आणि 'साटा' (डिस्कच्या जोडणीचं) या दोन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 'साटा मोड'मध्ये एएचसीआय असेल तर एएचसीआयच राहू द्या. ते बदललं की विंडोज सुरू होतानाच 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येतो. मग लोक म्हणतात, डिस्क गेली. तसं झालं तर सेटिंग पूर्ववत करा, विंडोज परत येतं.

आणखी एक. हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर आवाज करणारा बझर नसतो. बोर्डाच्या कडेला 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिना असतात, त्यावर लावायचा छोटा बझर सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये सुट्या भागांच्या दुकानांत मागा, अगदी स्वस्त असतो. एएमआयचा बायोस असेल तर तीन छोट्या बीप म्हणजे रॅम. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड. मुकं मशीन बोलायला लागतं. काही बोर्डांवर बझरऐवजी चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. जो दिवा विझत नाही तिथे शोधा.

रॅमचं जमलं की जुनी डिस्क परत जोडा, मग एसएसडी. ती लावल्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' आलं तर दचकू नका. बोर्ड रिकाम्या एसएसडीवर विंडोज शोधतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. बायोसच्या बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा. पुढे एसएसडीवर नवीन विंडोज टाकताना जुन्या डिस्कच्या केबल पुन्हा काढून ठेवा. दोन्ही लावून टाकलं तर विंडोजच्या सुरुवातीच्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात, आणि वर्षभराने ती डिस्क काढली की एसएसडीवरचं विंडोज उठत नाही. तुमच्या धंद्यासाठी मुद्दाम सांगते, जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या. ते फॉन्ट नसतील तर सात वर्षांच्या पत्रिका उघडतील खऱ्या, पण अक्षरांची खिचडी दिसेल.

"मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानेवाड्याला राहतो. थ्री-डीच्या प्रोजेक्टसाठी वापरलेलं आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. कार्डाचे पंखे फिरतात, मॉनिटर म्हणतो 'नो सिग्नल'. मित्राने दुसऱ्या घरी लावून पाहिलं, तिकडे चालते. माझ्याकडे कधीकधी डिस्प्ले येतो, पण रेंडर लावलं की मशीन फटकन बंद. कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस आहे, मग पॉवर कमी कशी पडेल?" (वाचक, मानेवाडा)

कार्ड दुसऱ्या घरी चालतं हे तू तपासलंस, त्यामुळे माझं काम सोपं झालं. आधी मॉनिटरची केबल बघ. ती बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये तर नाही ना? कार्ड लावलं की केबल खाली, कार्डाच्या आडव्या पट्टीवरच्या खाचेत गेली पाहिजे. माझ्याकडे 'कार्ड खराब' म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये ही चूक नेहमी सापडते.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटचं झाकण उघड आणि त्याच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाच. मोठ्या अक्षरातला ४५० बाजूला ठेव आणि १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघ. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे १८ अँपिअरसारखा आकडा असतो. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. तुझं कार्ड एकटंच पूर्ण जोरात १७० वॅट ओढतं. साधा ६५ वॅटचा प्रोसेसर धरला तरी बेरीज २३५ होते. बोर्ड, डिस्क, पंखे अजून धरलेच नाहीत. नुसतं चालू करताना भार कमी असतो म्हणून डिस्प्ले येतो, रेंडर लागलं की भार चढतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडतो. या कार्डासाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, आणि तो खऱ्या वॅटचा हवा.

बोर्डावरच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीचे वरच्या केबलमधून येतात, ६ पिनची केबल ७५ वॅटची, ८ पिनची १५० वॅटची. तुझ्या एसएमपीएसला ८ पिनची केबल नसेल आणि कुणी जुन्या चार पिनांच्या दोन केबल जोडून कन्व्हर्टर लावला असेल, तर तो आजच काढ. असे कन्व्हर्टर वितळून एकमेकांना चिकटलेले मी माझ्या हाताने कापून काढले आहेत. त्या प्लास्टिकचा वास दोन दिवस दुकानातून जात नव्हता. तुझ्या घरातल्या माणसांसाठी सांगते, नवीन एसएमपीएस येईपर्यंत हे कार्ड कपाटात राहू दे.

"धरमपेठेत माझं टॅक्सचं ऑफिस आहे. रायझनचा जुना प्रोसेसर काढून मुलाने मोठा बसवला. सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत आलं की नवीन सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करायला वाय दाबा, नाहीतर एन दाबा. काय दाबावं कळेना, म्हणून बटण दाबून बंद केलं आणि तसंच ठेवलं आहे. टॅलीचा सगळा डेटा त्यातच आहे." (वाचक, धरमपेठ)

ताई, काही न दाबता बंद केलंत, फार चांगलं केलंत. त्या प्रश्नाला सहज म्हणून 'वाय' दाबलेली आणि मग डोक्याला हात लावून माझ्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत.

एफटीपीएम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, म्हणजे किल्ल्या ठेवायची तिजोरी. तुमच्यासारख्या मशीनमध्ये ती तिजोरी प्रोसेसरशी बांधलेली असते. विंडोजने तुमची डिस्क कुलूपबंद केली असेल तर त्या कुलपाची किल्ली या तिजोरीत असते. 'वाय' दाबलं की तिजोरी रिकामी होते. मग विंडोज निळा पडदा दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचं काही कुणालाच उघडता येत नाही, मला नाही आणि विंडोजच्या कंपनीलाही नाही. आणि "मी तर कधी कुलूप लावलं नाही," हे म्हणून चालत नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, की पुष्कळ मशीनवर हे कुलूप आपोआप लागतं, होम आवृत्तीतही.

म्हणून आधी दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. तुमच्या उपकरणांच्या यादीत या मशीनची रिकव्हरी की दिसते का बघा. घरात दोन-तीन ईमेल असतील तर सगळ्या तपासा. विंडोज मुलाच्या ईमेलवरून टाकलेलं असेल तर की त्याच्या खात्यात असेल. सापडली तर वहीत हाताने लिहून ठेवा. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे.

सापडली नाही तर जुना प्रोसेसर परत बसवा. 'वाय' दाबलेलं नसल्यामुळे बहुतेक वेळा मशीन पूर्वीसारखं उठतं. उठलं की पहिल्यांदा टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, तोही दोन ठिकाणी. मग विंडोज प्रो असेल तर कंट्रोल पॅनलच्या बिटलॉकरच्या (त्या कुलपाचं हे नाव) पानावरून की कागदावर छापा आणि संरक्षण 'सस्पेंड' करा. होम असेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, मोठ्या डिस्कला काही तास लागू शकतात. नंतर मशीन बंद करा, नवीन प्रोसेसर बसवा आणि तोच प्रश्न आला की निर्धास्तपणे 'वाय' दाबा.

प्रोसेसर काढताना मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. तुमचा एएम-४ जातीचा असेल, तर १३३१ बारीक पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. थंड मशीनचा हीटसिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) सरळ वर ओढला, तर मधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, आणि एक जरी पीन वाकली तरी पुढचा डिस्प्ले येत नाही. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं बायोसच्या पडद्यावर चालू ठेवा, पेस्ट ऊब धरून सैल होते. मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, जसं बरणीचं घट्ट झाकण सोडवतो तसं. सुटल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच वर उचला.

"नवीन एम-२ एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली. बायोसमध्येही दिसत नाही. डिस्क उडाली का?" (वाचक, खामला)

उडालेली नसावी. पुष्कळ बोर्डांवर एम-२ ची (बोर्डावरच आडव्या बसणाऱ्या एसएसडीची) खाच आणि साटाची एखादी-दोन तोंडं एकाच वाटेवर असतात. एम-२ भरली की ती तोंडं बंद होतात. कोणती, ते बोर्डाच्या पुस्तकात साटाच्या पानावर लिहिलेलं असतं. डिस्कची केबल दुसऱ्या साटा तोंडात लावा. तरी दिसली नाही तरच केबल आणि डिस्क तपासायला आणा.

"मी निवृत्त शिक्षक आहे. गेल्या उन्हाळ्यात मशीन तापून बंद पडायचं, म्हणून नातवाने प्रोसेसरवर नवा पंखा बसवला. तेव्हापासून सुरू करताना 'सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ-१' येतं. पंखा तर डोळ्यासमोर फिरतो आहे. शिवाय रोज तारीख २०१८ ची दिसते आणि बँकेची साइट उघडत नाही." (वाचक, नंदनवन)

सर, पंखा फिरतो आहे पण बोर्डाला तो दिसत नाही. नातवाने केबल कॅबिनेटच्या पंख्यासाठी असलेल्या पिनांवर लावली असावी. बोर्डावर प्रोसेसरजवळ 'सीपीयू फॅन' असं छापलेल्या चार पिना शोधायला सांगा आणि केबल तिथे लावा. संदेश येणार नाही. नवीन पंख्याखाली जुनी पेस्ट पूर्ण पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट घातली होती का, तेही त्याला विचारा.

तारखेचं कारण बोर्डावरचा चपटा सेल. सीआर-२०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. वायर काढून, कडी हळूच बाजूला करून काढा आणि नवीन सेल अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये आजची तारीख घाला. तारीख मागची असली की ब्राउझर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र मानत नाही, म्हणून बँक उघडत नाही. बँकेच्या साइटचा यात दोष नाही.

आणि सर, कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर आहे का? पारा ४५ ला टेकतो तेव्हा मशीनलाही गारवा मिळावा असं आपल्याला वाटतं, मायेने कूलर तिकडे वळवला जातो. पण त्या हवेबरोबर ओल जाते आणि आत साठलेली धूळ चिखलासारखी धरते. माझ्याकडे जूनमध्ये येणाऱ्या मशीनच्या स्क्रूंना गंज चढलेला असतो. टेबल दुसऱ्या भिंतीला घ्या, मशीन कोरड्या हवेत राहू द्या.

"ताई, मी नववीत आहे. घरच्या डेस्कटॉपसाठी रॅम आणली आहे, पण बाबा म्हणतात हात लावायचा नाही, शॉक बसेल. मी स्वतः लावू शकते का?" (वाचक, वर्धमाननगर)

लावू शकतेस, आणि लावच. बाबांची काळजी एका डब्याबाबत अगदी खरी आहे. मागच्या बाजूला जिथे वायर लागते तो एसएमपीएसचा डबा. वायर काढल्यावरही त्याच्या आत ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. तो कधीही उघडायचा नाही, मोठी झालीस तरी नाही. बाकी बोर्डावर १२ व्होल्ट आणि त्याहून कमी असतं, आणि वायर काढल्यावर तेही नसतं.

उलट तुझ्यापासून रॅमला धोका आहे. थंडीत नागपूरची हवा कोरडी होते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज रॅमची चिप मारू शकते. म्हणून स्वेटर आधीच काढून ठेव, गालिच्यावर उभी राहू नकोस, आणि पट्टी हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या आतल्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लाव. मधूनमधून पुन्हा लाव. पट्टी कडेने धर.

उघडण्याआधी रॅमची जात जुळते का बघ. डीडीआर-३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. खाच जुळत नसेल तर जोर लावायचा नाही, दुकानात परत न्यायची. स्क्रू एका वाटीत ठेव. काही हलवण्याआधी मोबाइलवर आतला फोटो काढ. बसवायची रीत वर महालच्या दादांना सांगितली आहे तीच, दोन्ही अंगठे आणि 'टक्'. बाबांना शेजारी टॉर्च घेऊन उभं राहायला सांग. त्यांनी एकदा नीट पाहिलं की त्यांची भीती जाईल.

कॅबिनेटचं झाकण बंद करण्याआधी मशीन सुरू करून बघ. पहिल्या वेळी डिस्प्ले यायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो, बोर्ड नवीन रॅम ओळखत असतो. लगेच बटण दाबून बंद करू नकोस, दोन-तीन मिनिटं वाट बघ. विंडोज आलं की टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'च्या पानावर 'मेमरी'वर जा. तिथे आधी किती जीबी होते आणि आता किती दिसतात, ते मला पुढच्या पत्रात कळव.